स्प्रेडशीटमध्ये तारखा क्रमाने लावताना

स्प्रेडशीटच्या सेलमध्ये १५/०८/१९४७ असे दिसत असले, तरी आत साठवलेला असतो तो १७३९४ हा आकडा. एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरते आणि तिथून पुढे एकेक दिवस मोजत जाते. त्या मोजणीत १ मे १९६० म्हणजे २२०३७, १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६ आणि १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. दिवस, महिना, वर्ष आणि त्यांच्या मधले स्लॅश किंवा हायफन हा त्या आकड्यावर चढवलेला पोशाख असतो. वेळ हा त्याच आकड्याचा अपूर्णांक: दुपारचे बारा म्हणजे ०.५, संध्याकाळचे सहा म्हणजे ०.७५. तारखा क्रमाने लावणे म्हणजे हे आकडे लहानापासून मोठ्याकडे किंवा मोठ्यापासून लहानाकडे लावणे. हे काम संगणक चुकवत नाही. तरीही तारखांचा क्रम वारंवार बिघडतो, कारण तारखेसारखे दिसणारे प्रत्येक लिखाण आत आकडा असतेच असे नाही. ज्या सेलमधली तारीख संगणकाला ओळखता आली नाही, तिथे नुसता मजकूर पडून राहतो. मजकुराचा क्रम शब्दकोशासारखा, पहिल्या अक्षरापासून लागतो, आणि त्या हिशेबात ०२/१२/२०२४ ही तारीख १५/०१/२०२४ च्या आधी येते. म्हणून सॉर्टच्या बटणाकडे वळण्याआधी रकान्यातली प्रत्येक तारीख खरोखर तारीख आहे ना, हे पाहणे हाच या कामाचा मोठा भाग आहे.

गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांची मोजणी ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस धरून होते. हा फरक एका जुन्या चुकीतून आलेला आहे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरले होते. ते लीप वर्ष नव्हते. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग गेला तरच ते लीप असते. लोटसच्या फाइली आपल्याकडे नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक तशीच ठेवली, आणि २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख एक्सेलमध्ये आजही सापडते. १ मार्च १९०० पासून पुढे मात्र तिन्ही प्रोग्रामचे आकडे जुळतात, त्यामुळे रोजच्या कामात याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो जुन्या मॅकवर तयार झालेल्या फाइलींचा. त्यांतली मोजणी १९०४ पासून सुरू होते आणि दोन पद्धतींत १४६२ दिवसांचे अंतर आहे. दोन फाइली एकत्र केल्यावर एका फाइलीतल्या सगळ्या तारखा चार वर्षे आणि एक दिवस मागे गेलेल्या दिसल्या, तर कारण हेच असते. त्या तारखांमध्ये १४६२ मिळवले की त्या जागेवर येतात.

तारीख खरी आहे की नुसता मजकूर, हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे सेलमधली जागा. आकडा सेलच्या उजव्या कडेला टेकतो, मजकूर डाव्या कडेला. कोणी रकाना मुद्दाम मध्यावर आणून ठेवला असेल तर ही खूण पुसली जाते. म्हणून आधी ती मांडणी काढून टाकावी. दुसरी खूण फिल्टरमध्ये मिळते. एक्सेलमध्ये रकान्याला फिल्टर लावून बाण उघडला की खऱ्या तारखा वर्ष, महिना, दिवस अशा उलगडत जाणाऱ्या यादीत दिसतात आणि मजकूर झालेल्या तारखा त्या यादीच्या खाली सुट्या पडलेल्या असतात. सॉर्टच्या बटणावरची अक्षरेही बोलकी असतात: रकाना तारखांचा असेल तर जुन्यापासून नव्याकडे असा पर्याय येतो, मजकुराचा असेल तर ए पासून झेडकडे.

रकाना मोठा असेल तर डोळ्यांवर विसंबू नये. काउंट हे फंक्शन फक्त आकडे असलेले सेल मोजते आणि काउंट-ए हे भरलेले सगळे सेल मोजते. एकाच रकान्यावर दोन्ही चालवावीत. काउंट-एचे उत्तर ३१२ आणि काउंटचे २९८ आले, तर चौदा तारखा मजकूर आहेत. त्या नेमक्या कोणत्या, हे शेजारच्या मोकळ्या रकान्यात इझ-नंबर हे फंक्शन लावून कळते. जिथे उत्तर फॉल्स येते, ती ओळ दुरुस्तीची.

मात्र या सगळ्या परीक्षांतून सुटणारा एक दोष आहे आणि तोच सर्वांत घातक. भारतात दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, अमेरिकेत महिना आधी. संगणक किंवा खाते नवे असताना प्रदेशाची निवड बहुधा अमेरिका अशीच राहून जाते आणि वर्षानुवर्षे कोणी तिकडे पाहत नाही. अशा संगणकावर एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदाराने मेंटेनन्सच्या पावत्यांच्या पाच तारखा भरल्या असे धरू: १८/०४/२०२४, ०५/०४/२०२४, ०२/०६/२०२४, २५/०५/२०२४ आणि ११/०४/२०२४. संगणक ०५/०४ ला ४ मे समजतो, ०२/०६ ला ६ फेब्रुवारी आणि ११/०४ ला ४ नोव्हेंबर. अठरावा आणि पंचविसावा महिना नसल्यामुळे उरलेल्या दोन तारखा तो मजकूर म्हणून सोडून देतो. आता रकाना जुन्यापासून नव्याकडे लावला की आधी आकडे येतात आणि मग मजकूर. पडद्यावर वरून खाली ०२/०६, ०५/०४, ११/०४, १८/०४, २५/०५ असा क्रम दिसतो. जूनची पावती सर्वांत वर गेली, एवढीच चूक नजरेला येते. खजिनदार ती एक ओळ हाताने खाली सरकवतो आणि यादी बरोबर झाली असे समजतो. वस्तुस्थिती अशी की पाचपैकी एकही तारीख बरोबर साठवली गेलेली नाही. थकबाकीचे दिवस मोजायला किंवा तिमाहीची बेरीज काढायला हीच यादी वापरली की चूक पैशांपर्यंत पोहोचते. फाइल भारतीय मांडणीच्या संगणकावर उघडली तर ५ एप्रिलची पावती तिथे ०४-०५-२०२४ अशी दिसते, आणि मग मूळ पावती हाती घेतल्याशिवाय खरे काय ते कळत नाही.

हा दोष पकडण्याची एक पक्की युक्ती आहे. शेजारच्या रकान्यात डे हे फंक्शन लावून प्रत्येक तारखेतला दिवस वेगळा काढावा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहावा. उलटलेल्या तारखेत दिवसाच्या जागी मुळातला महिना बसलेला असतो, म्हणून तो बाराच्या पुढे कधीच जात नाही. शेकडो नोंदींच्या रकान्यात तेरा ते एकतीस यांपैकी एकही दिवस आकड्याच्या रूपात सापडत नसेल, तर सगळा रकाना उलटा वाचला गेला आहे असे खुशाल समजावे. मॅक्स आणि मिन ही फंक्शनेही उपयोगी पडतात: पावत्यांच्या यादीत पुढच्या वर्षाची किंवा अजून न आलेल्या महिन्याची तारीख निघाली, तर तपास तिथून सुरू करावा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. नुसता मजकूर झालेल्या तारखांसाठी एक्सेलमधले टेक्स्ट टु कॉलम्स हे साधन सर्वांत विश्वासाचे आहे. नावावरून ते रकाना तोडण्याचे वाटते, पण तारखा सुधारण्यासाठीच त्याचा खरा उपयोग होतो. रकाना निवडून डेटा या टॅबवरून ते उघडावे, पहिल्या पडद्यावर डिलिमिटेड ठेवावे, दुसऱ्यावर सगळ्या खुणा काढून टाकाव्यात, आणि तिसऱ्या पडद्यावर डेट हा पर्याय घेऊन शेजारी डीएमवाय, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, निवडावे. इथे अनेकांची गल्लत होते. ही निवड मजकुरात आज तारीख कशी लिहिलेली आहे ते सांगण्यासाठी असते. नंतर ती कशी दिसावी हे ठरवण्यासाठी नव्हे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही याच नावाचे साधन आहे आणि तिथेही रकान्याचा प्रकार तारीख, दिवस-महिना-वर्ष असा ठरवता येतो.

सरकारी पत्रांत आणि अनेक विवरणपत्रांत तारीख १५.०८.२०२४ अशी डॉट घालून येते. भारतीय मांडणीत एक्सेल ती सहसा ओळखत नाही. फाइंड अँड रिप्लेस वापरून डॉटच्या जागी स्लॅश टाकला की ती चटकन तारीख होते, आणि म्हणूनच ही पद्धत लोकप्रिय आहे. पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर याच एका झटक्यात बारापर्यंतचे सगळे दिवस उलटतात. टेक्स्ट टु कॉलम्सला डॉट चालतो आणि त्यात क्रम स्वतः सांगता येतो, त्यामुळे दोन पावले जास्त पडली तरी तोच मार्ग धरणे शहाणपणाचे.

काही तारखा सगळे करूनही मजकूरच राहतात. त्यांच्या मागेपुढे न दिसणारे काहीतरी चिकटलेले असते. साधी मोकळी जागा ट्रिम या फंक्शनने जाते. संकेतस्थळावरून उचललेल्या यादीत मात्र बऱ्याचदा वेगळ्या प्रकारची, न तुटणारी मोकळी जागा असते आणि ट्रिमला ती दिसत नाही. अशा वेळी एका सेलच्या आत जाऊन ती मोकळी जागाच निवडून कॉपी करावी, फाइंडच्या चौकटीत पेस्ट करावी आणि रिप्लेसची चौकट रिकामी ठेवून सगळीकडून काढून टाकावी.

मराठी याद्यांमध्ये आणखी एक अडचण येते ती अंकांची. इथे छापलेले अंक देवनागरी आहेत. स्प्रेडशीटमध्ये तारीख टंकताना मात्र इंग्रजी अंकच वापरावेत. युनिकोड देवनागरी अंकांत लिहिलेली तारीख प्रत्येक प्रोग्राम तारीख म्हणून ओळखेलच असे नाही. अशी यादी हाती आली तर शून्य ते नऊ या दहा अंकांसाठी दहा वेळा फाइंड अँड रिप्लेस करावे आणि मग टेक्स्ट टु कॉलम्स चालवावे. युनिकोडच्या आधीच्या अनेक मराठी फॉन्टांत अंक देवनागरी दिसले तरी आत ते इंग्रजीच असतात. त्या फाइलींत ही खटपट करावी लागत नाही, फॉन्ट बदलला की खरे रूप समोर येते.

उलटलेल्या तारखांची दुरुस्ती निराळी आहे. शक्य असेल तर ती करण्यापेक्षा मूळ फाइलकडे परत जाऊन, संगणकाची मांडणी भारतीय करून, आयात पुन्हा करावी. मूळ फाइल नसेल तर नव्या रकान्यात डेट हे फंक्शन घ्यावे आणि त्यात वर्षाच्या जागी इयर, महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ बसवावे. म्हणजे दिवस आणि महिना आपापल्या जागी परततात. त्याच रकान्यातल्या मजकूर तारखांसाठी लेफ्ट, मिड आणि राइट यांनी पहिले दोन, मधले दोन आणि शेवटचे चार अंक काढून तेच डेटमध्ये घालावेत. हे एकदाच करायचे असते. दुरुस्त रकान्यावर तेच सूत्र पुन्हा चालवले तर तारखा परत उलटतात. शिवाय रकान्यातल्या काही नोंदी एका संगणकावर आणि काही दुसऱ्यावर भरलेल्या असतील, तर सूत्राने ते सुटणार नाही. पावत्या समोर घेऊन बसण्याला पर्याय नाही.

सीएसव्ही फाइल डबल क्लिकने उघडली की एक्सेल स्वतःच्या समजुतीने तारखा बदलून टाकते. ती डेटा टॅबवरच्या आयातीच्या मार्गाने आणावी, म्हणजे रकान्याचा प्रकार आणि प्रदेश सांगण्याची सोय मिळते. गुगल शीट्समध्ये फाइल मेन्यूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करावे आणि तेही नोंदी भरायला घेण्याआधी.

वर्ष दोन अंकांत लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही. एक्सेल आणि कॅल्क ही दोन्ही सर्वसाधारणपणे ०० ते २९ हे २००० च्या शतकात आणि ३० ते ९९ हे १९०० च्या शतकात धरत आली आहेत. संगणकाच्या सेटिंगनुसार ही सीमा बदलू शकते. ज्येष्ठ नागरिकांच्या यादीत १२/०६/२८ असा जन्मदिनांक भरला तर तो २०२८ चा होऊ शकतो आणि वयाने सर्वांत मोठी व्यक्ती यादीत सर्वांत धाकटी ठरते. वर्ष चार अंकीच लिहावे.

तारखा शुद्ध झाल्या की प्रत्यक्ष क्रम लावण्याचे काम थोडक्यात उरकते, पण ओळी फुटणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. फक्त तारखेचा रकाना निवडून सॉर्ट केले तर तारखा हलतात आणि नावे, रकमा जागेवर राहतात. एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर जाते. एक्सेल अशा वेळी विचारते की निवड वाढवायची का. उत्तर हो असेच द्यावे. त्याहून बरे म्हणजे तारखेच्या रकान्यातल्या कोणत्याही एका सेलवर उभे राहून सॉर्टचा आदेश द्यावा, मग प्रोग्राम सलग भरलेला सगळा तक्ता आपोआप धरतो. मध्ये एखादा रकाना किंवा ओळ पूर्ण रिकामी असेल तर तक्ता तिथे संपला असे धरले जाते, म्हणून रिकाम्या जागा आधी काढाव्यात. तळाची बेरजेची ओळ तक्त्यापासून तोडून ठेवावी आणि एकत्र केलेले, म्हणजे मर्ज केलेले, सेल सुटे करावेत. ते असताना एक्सेल सॉर्ट करायला नकार देते. गुगल शीट्समध्ये सगळी शीट सॉर्ट करायची असेल तर शीर्षकाची ओळ आधी फ्रीझ करावी, नाहीतर तीही नोंदींत मिसळते. गडबड झालीच तर लगेच कंट्रोल आणि झेड. फाइल बंद झाल्यावर तो मार्गही उरत नाही.

यासाठी सॉर्टच्या आधी अनुक्रमांकाचा रकाना जोडावा आणि त्यात एकपासून शेवटपर्यंत साधे आकडे भरावेत, सूत्र नव्हे. पुढे कितीही वेळा क्रम बदलला तरी या रकान्यावर सॉर्ट केले की मूळ क्रम परत मिळतो. बँकेच्या विवरणपत्रात या रकान्याचे मोल विशेष कळते. अनेक विवरणपत्रांत सर्वांत नवा व्यवहार वर असतो. ते जुन्यापासून नव्याकडे लावले की तारखा बरोबर लागतात, पण एकाच दिवशीचे तीन व्यवहार आपसात आधी होते तसेच, म्हणजे उलटे, राहतात. शिल्लक रकमेचा रकाना मग वरच्या ओळीशी जुळत नाही आणि हिशेबात चूक आहे असे वाटू लागते. अशा ठिकाणी तारखेला हात न लावता अनुक्रमांकच मोठ्यापासून लहानाकडे लावावा.

एकाच तारखेच्या अनेक नोंदी असतील तर दुसरी पातळीही सांगून ठेवावी: आधी तारीख, मग पावती क्रमांक किंवा नाव. एक्सेलच्या सॉर्ट खिडकीत अशा पातळ्या जोडता येतात. तारखेच्या पोटात वेळ दडलेली असेल तर मात्र ही दुसरी पातळी चालत नाही. यूपीआय ॲपमधून काढलेल्या यादीत सेलवर फक्त ०५/०४/२०२४ दिसत असते आणि आत सकाळी दहा वाजून वीस मिनिटे हा अपूर्णांक असतो. त्यामुळे एका दिवसाच्या दोन नोंदी संगणकाच्या दृष्टीने समान नसतात. नव्या रकान्यात इंट हे फंक्शन लावून अपूर्णांक काढून टाकला की नुसती तारीख उरते.

रिकामे सेल, क्रम चढता असो वा उतरता, शेवटीच जातात. सेलमध्ये नुसती # अशी चिन्हे भरलेली दिसली तर बहुधा रकाना अरुंद झालेला असतो, रुंद केला की तारीख दिसते.

कधी कधी काळाचा सरळ क्रम उपयोगाचा नसतो. वाढदिवसांची यादी जन्मवर्षाने लावून काय करायचे? तिथे वर्ष बाजूला ठेवून महिना आणि दिवस यांचा क्रम हवा. मंथला शंभरने गुणून त्यात डे मिळवला की १४ एप्रिलचे ४१४, २३ जुलैचे ७२३ आणि २८ नोव्हेंबरचे ११२८ होतात. या रकान्यावर सॉर्ट केले की जानेवारी ते डिसेंबर अशी यादी तयार होते. आर्थिक वर्षासाठी ई-डेट हे फंक्शन वापरून तारीख तीन महिने मागे न्यावी. १ एप्रिल २०२४ ची १ जानेवारी २०२४ होते आणि ३१ मार्च २०२४ ची ३१ डिसेंबर २०२३. या मागे नेलेल्या तारखेचे वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष जिथे सुरू होते ते वर्ष, आणि महिना १ म्हणजे एप्रिल, १२ म्हणजे मार्च.

शाळा आणि ग्रंथालये जयंती-पुण्यतिथींची यादी ठेवतात. तिथे एक्सेल एका वेगळ्याच ठिकाणी अडते: १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळतच नाही. महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, सावित्रीबाईंचा ३ जानेवारी १८३१ चा, लोकमान्य टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. या तिन्ही तारखा एक्सेलमध्ये मजकूर म्हणून पडतात आणि इयर, मंथ ही फंक्शने त्यांच्यावर चालत नाहीत. कॅल्कला जुन्या तारखा कळतात, पण फाइल अनेकांच्या हाती जाणार असेल तर वर्ष, महिना आणि दिवस असे तीन रकाने करून साधे आकडे भरणे हाच टिकाऊ उपाय आहे. कालक्रम हवा असेल तर वर्ष, महिना, दिवस या पातळ्यांनी सॉर्ट करावे. वर्षभराच्या कार्यक्रमांसाठी महिना आणि दिवस पुरेसे. इतिहासाच्या कोणत्याही कामाला ही मांडणी उपयोगी पडते.

तिथीने नोंदलेल्या याद्यांसाठी शक, मास, पक्ष आणि तिथी असे चार रकाने लागतात. शिवराज्याभिषेकाची नोंद मग १५९६, ज्येष्ठ, शुद्ध, १३ अशी होईल. महिन्यांची नावे तशीच सॉर्ट केली तर आश्विन, आषाढ, कार्तिक, चैत्र असा वर्णानुक्रम लागतो. त्यावर एक्सेलमध्ये कस्टम लिस्टची सोय आहे: चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा नावे एकदा भरून ठेवावीत आणि सॉर्टच्या खिडकीत क्रम म्हणून ती यादी निवडावी. नावाचे शुद्धलेखन यादीत आणि तक्त्यात अक्षरशः एकच हवे. एकीकडे आश्विन आणि दुसरीकडे अश्विन असेल तर ती ओळ यादीबाहेर पडते. अधिक मासांची नावेही आपापल्या महिन्याच्या आधी घालावीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. पक्षाच्या रकान्यात आणखी एक बारकावा आहे. महाराष्ट्रात महिना शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो आणि वद्य पक्ष नंतर येतो, पण वर्णमालेत व हा श च्या आधी असल्यामुळे सॉर्ट केल्यावर वद्य वर जाते. शुद्धसाठी १ आणि वद्यसाठी २ असा आकडा ठेवला की प्रश्न मिटतो. तिथीही आकड्यांत लिहावी. अमावास्येला पंचांगात ३० लिहितात, तोच आकडा इथेही चालतो.

उलट दिशेची अडचणही महाराष्ट्रात घरोघरी आहे: जी तारीख नाही तिची तारीख होते. जमिनीच्या कागदांच्या यादीत ७/१२ असे टंकले की एक्सेल त्याची ७ डिसेंबर करून टाकते, आणि गट क्रमांक १२/३ चा १२ मार्च होतो. नंतर रकान्याचा प्रकार बदलला तरी मूळ लिखाण परत येत नाही, तिथे दिवसांचा पाच अंकी आकडा उभा राहतो. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही हा जाच झाला. मार्च आणि सप्टेंबरच्या इंग्रजी संक्षेपांसारखी नावे असलेल्या मानवी जनुकांची नावे अखेर बदलावी लागली आणि नामकरण समितीने २०२० मध्ये तशी नियमावली प्रसिद्ध केली. गट क्रमांकांना नवी नावे देता येत नाहीत, म्हणून असा रकाना भरण्याआधीच त्याचा प्रकार टेक्स्ट करून ठेवावा.

नव्या यादीत तारखांचा रकाना सुरुवातीलाच बांधून घेतला तर पुढची बरीचशी दुरुस्ती टळते. पहिल्या सेलमध्ये २५/१२/२०२४ टंकून पाहावे. ती उजवीकडे टेकली तर मांडणी भारतीय आहे, डावीकडे राहिली तर काम थांबवून आधी प्रदेश बदलावा. तारीख दिसण्याचा नमुना महिना अक्षरांत येईल असा निवडावा, म्हणजे ५ एप्रिल आणि ४ मे यांत पाहणाऱ्याचा गोंधळ होत नाही. फाइलींच्या नावांत किंवा इतरांना पाठवायच्या यादीत २०२४-०४-०५ असा वर्ष-महिना-दिवस क्रम ठेवावा. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाने हा क्रम ठरवला आणि त्याचा मोठा गुण असा की तारीख मजकूर म्हणून सॉर्ट झाली तरीही बरोबरच लागते. डेटा व्हॅलिडेशनमध्ये तारीख हा प्रकार आणि आर्थिक वर्षाची पहिली व शेवटची तारीख घातली की त्याबाहेरचे काहीही टंकले तर सेल ते स्वीकारत नाही. पेस्ट केलेल्या नोंदींना मात्र ही अट अडवत नाही. दुसरीकडून आणलेल्या तारखा रकान्यात आल्या की काउंट, काउंट-ए आणि डे यांची तपासणी दर वेळी नव्याने करावी आणि मगच सॉर्टचा आदेश द्यावा.